सैनिक कुठे आहे ते सांगू नका, आदेश कोणाचा ते विचारा

मराठी वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांना,



सीमेवर काही घडले की तुमच्या वाहिन्यांवर जे सांगायला नको ते रात्रभर सांगितले जाते आणि जे विचारायला हवे ते पुढे महिनोन्‌महिने विचारले जात नाही. पहिल्या दोषाबद्दल न्यायालयापासून गावातल्या पारापर्यंत सगळ्यांनी तुम्हाला बोल लावला आहे. दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. लढणाऱ्या माणसाचे नुकसान या दोन्हींतून होते आणि एक दोष दुसऱ्याला पोसतो, असे माझे मत झाले आहे. म्हणून हे पत्र.

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यापासून सुरुवात करतो. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी कुलाब्यात नरिमन हाउसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले. सगळ्या देशाने ते घरबसल्या पाहिले. दोरावरचा माणूस काही सेकंद पूर्ण उघडा असतो. हात दोराला, शस्त्र अंगाला बांधलेले, पाय हवेत. त्या क्षणी त्याच्याजवळ एकच ढाल असते : आतल्याला तो येतोय हे ठाऊक नसणे. आत दोन दहशतवादी होते. त्यांच्या कानाला फोन होता आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला, पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार टीव्ही बघत होते. हे संभाषण आपल्या यंत्रणांनी टेप केले आणि पुढे ते खटल्यात आले. त्या इमारतीतल्या कारवाईत हवालदार गजेंद्र सिंह शहीद झाले.

त्या हल्ल्यात जिवंत पकडलेला दहशतवादी कसाब याच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ ला निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणाची स्वतंत्र दखल घेतली. प्रक्षेपणामुळेच एखादा जवान जखमी झाला किंवा मारला गेला असे ठामपणे सांगता येणार नाही, हे न्यायालयाने प्रामाणिकपणे नोंदवले. पण सुरक्षा दलांचे काम त्यामुळे अतिशय अवघड आणि धोक्याचे झाले, याबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. तुमच्यातले अनेकजण या निकालाचा पहिला अर्धा भाग सांगून सुटका करून घेतात. मला दुसरा अर्धा जास्त महत्त्वाचा वाटतो. जवानाने धोका पत्करायचाच असतो, ती त्याची नोकरी आहे. पण त्या धोक्यात आपण घरी सोफ्यावर बसून भर घालावी, हे कुठल्या नोकरीच्या करारात बसत नाही.

मार्च २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण करायचे नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढीच दाखवायची, असा नियम झाला. नियम योग्य आहे. त्याचा वापर मात्र नेहमी योग्य झाला असे म्हणवत नाही. जानेवारी २०१६ च्या पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून एनडीटीव्ही इंडिया या एकाच वाहिनीला एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला. आपण दाखवलेली माहिती आधीच इतरत्र प्रसिद्ध झालेली होती, असे वाहिनीचे म्हणणे होते. शेवटी त्या आदेशाला सरकारनेच स्थगिती दिली. जवानाच्या सुरक्षेसाठी केलेला नियम नावडत्या पत्रकाराला गप्प करायला वापरला जाण्याची भीती खरी आहे आणि त्या बाबतीत मी तुमच्या बाजूने उभा आहे. शिवाय माहिती काही नेहमी कॅमेऱ्यातूनच फुटते असे नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश पॅराशूट बटालियन गूस ग्रीनवर चाल करण्याच्या बेतात असताना ती बातमी आदल्या दिवशीच बीबीसीच्या रेडिओवर लागली. ती फुटली होती लंडनच्या सरकारी वर्तुळातून. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जोन्स ते ऐकून संतापले होते. दुसऱ्या दिवशीच्या लढाईत ते मारले गेले.

आता न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

कारगिल आठवा. १९९९ च्या मे महिन्यात घुसखोर द्रासच्या वर, तोलोलिंगच्या कड्यावर, सुमारे पंधरा हजार फुटांवर बसले होते. खालून श्रीनगर-लेह महामार्ग जातो. वरून त्यावरचा एकेक ट्रक दिसत होता आणि तोफांच्या माऱ्यात येत होता. घुसखोरांना दारूगोळा आणि शिधा येत होता तो नियंत्रण रेषेच्या पलीकडून. अशा वेळी मागून वळसा घालावा, रसद तोडावी, वरचा माणूस आपोआप खाली येतो. शिवकाळापासून किल्ल्यांचे वेढे ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, जमिनीवरून नाही आणि हवेतूनही नाही, असे वाजपेयी सरकारने ठरवले. मग उरला समोरचा उघडा चढ. दिवसा चढणारा वरून टिपला जातो, म्हणून रात्री चढायचे. १८ ग्रेनेडियर्सने हा कडा घेण्याचे प्रयत्न पुन्हापुन्हा केले. मेजर राजेश अधिकारी तिथे मारले गेले, लेफ्टनंट कर्नल विश्वनाथन तिथे मारले गेले. अखेर १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने तोलोलिंग घेतले. त्यात मेजर विवेक गुप्ता गेले.

हवाई दलाचीही तीच गत. २७ मे रोजी दोन लढाऊ विमाने पडली, स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मारले गेले, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता शत्रूच्या हाती सापडले. दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. रेषेच्या अलीकडेच राहायचे म्हटल्यावर वैमानिकाला लक्ष्यावर कुठल्या दिशेने यायचे आणि कुठे वळायचे याची मोकळीक राहत नाही. तेव्हाचे हवाई दलप्रमुख टिपणीस यांच्या दलाने पुढे उंची बदलली, पद्धत बदलली, मिराज आणले आणि नेम साधला. पण रेषा तीच राहिली.

तो निर्णय चुकला होता असे मला म्हणायचे नाही. उलट, तो बरोबर होता असे मला वाटते. जग भारताच्या बाजूने उभे राहिले आणि ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफ यांना माघारीला कबूल व्हावे लागले, ते त्या संयमामुळे. लोकशाहीत लढाई कुठवर न्यायची हे निवडून आलेल्यांनीच ठरवायचे असते, सेनापतींनी नव्हे. शेजारच्या देशाकडे पाहिले की त्याचे मोल कळते. माझा आग्रह एवढाच आहे की हा संयम दिल्लीत मुत्सद्देगिरीच्या खात्यावर जमा होतो आणि त्याची वसुली चढावरच्या जवानाकडून होते, हे नाते देशाला स्पष्ट दिसले पाहिजे. ते दाखवणे हे तुमचे काम होते. आपण मात्र हुतात्म्यांच्या अंत्ययात्रा दाखवल्या, शिखरांची नावे पाठ केली, आणि जवान समोरून का चढला याची चर्चा जवळजवळ केलीच नाही.

यातली एक बारीक गोष्ट तुमच्या धंद्याशी थेट जोडलेली आहे. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी नंतर पुस्तकात लिहिले आहे की, पंतप्रधानांनी रेषा ओलांडणार नाही असे जाहीर केल्यावर त्यांनी वाजपेयींकडे काळजी व्यक्त केली. बंधन पाळायला सैन्य तयार होते. पण ते कायमचे आहे अशी खात्री शत्रूला मिळाली, तर तो मागची बाजू मोकळी सोडून सगळी ताकद पुढे आणू शकतो. त्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रजेश मिश्र यांनी एका वाहिनीवर सांगितले की आज रेषा ओलांडणार नाही, उद्याचे सांगता येत नाही. बंधन वेगळे आणि बंधनाची जाहिरात वेगळी. जवानाला पहिल्यापेक्षा दुसरी जास्त महाग पडते. हे जनरलला कळले, सुरक्षा सल्लागाराला कळले, आणि टीव्हीवरच्या एका वाक्याने त्यांनी ते सावरलेही. टीव्हीचा इतका नेमका उपयोग तुमच्यापैकी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

बंधन घालण्याची जशी जबाबदारी असते, तशी मोकळीक देण्याचीही असते. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले. दुपारी उशिरा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यासमोर लष्कर आणि हवाई दलाचे प्रमुख बसले होते. १९६२ च्या चीन युद्धात हवाई दल हल्ल्यासाठी वापरायचेच नाही असे ठरले होते आणि त्या निर्णयाची छाया अजून सगळ्यांवर होती. यशवंतरावांनी तिथेच परवानगी दिली. संध्याकाळच्या उजेडात पठाणकोटहून विमाने उडाली. पहिल्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने गेली. किंमत मोठी होती, पण निर्णय कोणाचा हे सगळ्या देशाला माहीत होते, आणि तो आपला आहे हे यशवंतरावांनी कधी नाकारले नाही. त्यांच्या त्या काळच्या डायरीच्या आधारे पुस्तक लिहिले ते त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी. हेच प्रधान पुढे २६/११ च्या चौकशी समितीचे अध्यक्ष झाले. निर्णय कोणी घेतला आणि गोळी कोणी झेलली, हा प्रश्न एका मराठी माणसाच्या टेबलावर दोनदा आला.

२०२५ मध्ये काय झाले ते अजून ताजे आहे. २२ एप्रिलला पहलगाममध्ये दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यांत सहाजण महाराष्ट्राचे होते. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर ही भारताची प्रत्युत्तराची कारवाई झाली. त्याआधीच, २६ एप्रिलला, माहिती आणि प्रसारण खात्याने संरक्षण दलांच्या हालचालींचे थेट वार्तांकन करू नये असे कळवले होते. मग ८ मेची रात्र आली. खऱ्या हालचाली दाखवता येईनात, म्हणून तुमच्या हिंदी भाऊबंदांनी खोट्या तयार केल्या. कराची बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबाद पडले, पाकिस्तानात सत्तापालट झाला. मराठीत त्याचीच भाषांतरे 'सूत्रांच्या हवाल्याने' पट्टीवर फिरली. स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले गेले. इतके, की नागरी संरक्षण विभागाला १० मे रोजी वाहिन्यांना पत्रक काढून ते थांबवायला सांगावे लागले. खऱ्या भोंग्याकडे लोक दुर्लक्ष करतील अशी त्यांना भीती होती.

त्या रात्री मी सातारा तालुक्यात शेजारच्या निवृत्त सुभेदारांच्या घरी होतो. त्यांचा मुलगा राजस्थानच्या सीमेवर. फोन लागत नव्हता, आणि तो लागणार नाही हे सुभेदारांना ठाऊक होते. काकूंना ते पटत नव्हते. त्या दर पाच मिनिटांनी नंबर लावत होत्या आणि मधल्या वेळात टीव्ही बघत होत्या. भोंगा वाजला की झोळीतले नातवंड दचकून रडे. सून त्याला घेऊन स्वयंपाकघरात गेली. पडद्यावर आकाशात रॉकेटे फुटत होती, खाली मोठ्या अक्षरांत जैसलमेर लिहिलेले. सुभेदार खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले, चष्मा वर करून बघितले आणि म्हणाले, "अगं, हे आपलं नाही. आपल्याकडं असली बॅटरीच नाही. हे इस्रायलचं आहे." काकू म्हणाल्या, "नाव तर जैसलमेरचं लिहिलंय." सुभेदारांनी टीव्ही बंद केला. काकूंनी थोड्या वेळाने परत लावला. त्यांना दुसरीकडून काही कळण्याचा मार्ग नव्हता.

मुलगा जुलैमध्ये सुट्टीवर आला. चहाच्या टपरीवर पहिल्याच सकाळी त्याला विचारले गेले, "काय मेजर, थांबलात कशाला? पीओके घेऊनच यायचं की!" विचारणारा प्रेमानेच विचारत होता. पोरगा हसला आणि चहा पीत राहिला. काय सांगणार? १० मे रोजी संध्याकाळी पाच वाजता थांबायचे, हे त्याने ठरवले नव्हते. कराची घेतलीच नव्हती, त्यामुळे ती परत दिल्याचा जाबही त्याला देता येत नव्हता. ज्या परराष्ट्र सचिवांनी युद्धविरामाची घोषणा फक्त वाचून दाखवली, त्या विक्रम मिस्री यांना समाजमाध्यमांवर इतक्या शिव्या पडल्या की त्यांनी आपले खाते बंदिस्त करून ठेवले. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याची ही गत, तिथे टपरीवरच्या सुभेदारांच्या पोराचे काय?

संपादकहो, मला जे नुकसान दाखवायचे आहे ते हे. सरकार लढाईला एक मर्यादा घालते. तुम्ही रात्रभर मर्यादा नसलेली लढाई दाखवता. या दोन्हींच्या मधल्या दरीत जवान उभा राहतो आणि गावी परतल्यावर दोन्हीकडचा हिशेब त्याला विचारला जातो. दिल्लीला कोणी विचारत नाही, कारण दिल्लीने मर्यादा घातली होती हे तुमच्या प्रेक्षकाला कळलेच नाही.

खरे तर सरकारने ती लपवलीही नव्हती. ७ मेच्या पहिल्याच निवेदनात कारवाई मोजून-मापून केलेली आहे आणि पाकिस्तानच्या कुठल्याही लष्करी ठाण्याला लक्ष्य केलेले नाही, असे स्पष्ट लिहिले होते. पुढे जूनमध्ये जाकार्तातल्या आपल्या वकिलातीतले नौदलाचे अधिकारी एका परिसंवादात म्हणाले की, लष्करी ठाण्यांवर हल्ला करायचा नाही या राजकीय बंधनामुळे सुरुवातीला काही विमाने गमवावी लागली. विधान संदर्भ सोडून उचलले गेले, असा खुलासा वकिलातीने केला. ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांनी बंगळुरूत सांगितले की, राजकीय इच्छाशक्ती स्पष्ट होती, आमच्यावर बंधने नव्हती, काही असलीच तर ती आम्हीच घालून घेतली होती. दोन वर्दीधारी माणसे एकाच प्रश्नावर दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत. विमाने पडली ही गोष्टसुद्धा सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी मान्य केली ती सिंगापूरमध्ये, परदेशी वाहिनीसमोर. तोवर आपल्याकडे हा प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची चढाओढ लागली होती. मी पाहिलेल्या मराठी चर्चांत पुढेही एका बाजूला सत्ताधारी प्रवक्ता, दुसऱ्या बाजूला विरोधी प्रवक्ता आणि मध्ये आरडाओरडा, एवढेच झाले. बंधन होते की नव्हते, असेल तर ते कोणी आणि केव्हा घातले, दलप्रमुखांचे मत काय होते, ते कुठे नोंदवले गेले का, यातला एकही प्रश्न नीट उभा राहिला नाही.

गलवानमध्येही हेच झाले होते. १५ जून २०२० च्या रात्री कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० जवान दगड, सळया आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांच्या मारामारीत गेले. जवानांजवळ शस्त्रे होती, पण १९९६ आणि २००५ च्या करारांनुसार अशा झटापटीत ती चालवायची नाहीत ही जुनी प्रथा आहे, असे परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तीन दिवसांत सांगितले. हातात बंदूक असताना ती न चालवता मरायचे, याहून मोठे राजकीय बंधन कोणते? ते करार पुढे बदलले का, बदलले असतील तर आजचा जवान तिथे कोणत्या आदेशावर उभा आहे, यावर किती कार्यक्रम झाले?

बंधन घालणारे राजकारण कधीकधी पाठही फिरवते. मुंबईत जन्मलेले आणि तिथेच शिकलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेत श्रीलंकेत मारले गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या मोहिमेत हजारावर भारतीय जवान गेले. मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. त्या जवानांना तिथे कोणी पाठवले, शत्रू कोण हे अर्ध्यावर का बदलले, याचा जाब आपण कधी धसास लावला नाही. म्हणून आज त्या मोहिमेचे नाव घेतले की घरातले म्हातारे फौजी गप्प बसतात.

आता तुमच्याकडे मागणे. लढाई चालू असताना पलटण कुठे आहे, किती आहे, काय आणते आहे, यातले काही दाखवू नका. नियम आहे म्हणून नव्हे, तर दोरावरचा माणूस आठवून. जे घडलेले नाही ते तर मुळीच दाखवू नका. ज्या रात्री काही कळत नसेल, त्या रात्री काही कळत नाही असे सांगा आणि इतर बातम्या द्या. काकूंना ते चालेल.

आणि बंदुका थांबल्यावर तुमचे खरे काम सुरू करा. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत. त्यातल्या प्रत्येकाला, पक्ष न बघता, एकच प्रश्न विचारा : मे २०२५ मध्ये आपल्या जवानांच्या लढाईला मर्यादा घातली होती का, असेल तर कोणी, आणि तो आदेश तुम्ही संसदेत मागितलात का? राजस्थानच्या सीमेचे नकाशे जितक्या संध्याकाळी पडद्यावर ठेवलेत, तितक्या संध्याकाळी हा प्रश्न ठेवा. खासदारांची उत्तरे नावानिशी दाखवा. जे उत्तर देणार नाहीत त्यांचीही नावे दाखवा.

आपला,
साताऱ्याचा एक प्रेक्षक